बेचाळीस चौकोन

माझं अक्षर वाईट आहे आणि ऱ्हस्व-दीर्घ मला आजपर्यंत कळलेलं नाही. ही वही कुणी उघडलीच तर त्यांनी आधी मला माफ करावं. मी चौथीपर्यंत शिकले. नंतर किराण्याची यादी सोडून कधी काही लिहिलं नाही. त्यात उजवं मनगट एकदा मोडलेलं आहे, त्यामुळे दोन पानं झाली की बोटं अवघडतात आणि ओळ खाली घसरत जाते. वही मुलीची आहे, रसायनशास्त्राची. मागची पानं कोरी उरली होती. पुढून उघडली तर तिची बारीक इंग्रजी अक्षरं दिसतात, मागून उघडली तर मी. पिठाच्या डब्यामागे ठेवते. मला चार माणसांत बोलता येत नाही, पण ही गोष्ट कुठेतरी ठेवावी असं वाटतं.

आम्ही इकडे कर्नाटकात, मोठ्या शहरात, मारतहळ्ळीच्या पुलापासून आत, एका ओळीतल्या सहा खोल्यांपैकी एकीत राहतो. मुलीचे वडील महादेवपुऱ्याला एका कंपनीच्या गेटवर वॉचमन आहेत. मी चार घरी स्वयंपाक करते. माझं माहेर निपाणीकडचं, घरात मराठी, त्यामुळे इथल्या फ्लॅटमधली पुण्या-मुंबईकडची माणसं मला शोधत येतात. त्यांना घडीची पोळी लागते आणि ती इथे सगळ्यांना जमत नाही. सकाळी साडेसहा ते अकरापर्यंत मी चार घरांत मिळून पन्नासच्या वर पोळ्या लाटते.

आमच्या घरात एक नियम होता. मुलीनं लाटणं हातात घ्यायचं नाही. आमच्या ओळीतल्या बाकीच्या आया मुलींना ओरडायच्या, एवढी घोडी झाली, साधी चपाती येत नाही. मी उलटं सांगायचे. शेजारची अक्का, ती पण स्वयंपाकाचीच कामं करते, मला हसायची. म्हणायची, "तुझी पोरगी लग्नानंतर काय बिस्किटं खाणार काय?" मी म्हणायचे, "खाऊ दे." मुलगी सोळा वर्षांची झाली, पीयूसीच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला गेली, तरी तिला कणीक किती पाण्यात मळतात ते माहीत नव्हतं. मला त्याचा अभिमान होता. का होता ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. तिला वाटायचं आई आपल्याला नाजूक समजते.

त्या वर्षी कॉलेजात पालकांची सभा होती. मी जात नसते, पण ह्यांची ड्यूटी होती म्हणून गेले. बाईंनी प्रत्येकाला एक कागद दिला. एक पालकांना, एक मुलांना, प्रश्न तेच. वेगवेगळं बसून भरायचा होता. माझा कागद इंग्रजीत आणि कानडीत. कानडी मला बोलता येतं, वाचता येत नाही. हे बाईंना सांगायची लाज वाटली. मग मी मुलीला खुणेनं बोलावलं आणि म्हटलं, "तूच भर माझा पण."

ती म्हणाली, "आई, हा तुझा आहे. मी कसा भरू?"

"मी सांगते, तू लिही."

तिनं प्रश्न वाचला. तुमची मुलगी मनातलं तुम्हाला सांगते का? मी म्हटलं, "लिही, हो. सगळं सांगते." तिनं लिहिलं. घरात अडचण आली तर मुलांना सांगता का? मी म्हटलं, "अडचणच नाही, असं लिही." तिचं पेन थोडं थांबलं. माझ्याकडे बघितलं. मग लिहिलं.

नंतर बाईंनी एकेका घराला जवळ बोलावून दोन्ही कागद शेजारी ठेवले. आमच्या दोन्ही कागदांवर अक्षर एकच होतं. बाईंना ते लगेच कळलं, पण त्या चांगल्या होत्या, काही बोलल्या नाहीत. त्यांनी कानडीत वाचून दाखवलं. माझ्या कागदावर मी सांगितलं तसंच, एक शब्द इकडचा तिकडे नाही. मुलीच्या कागदावर पहिल्या प्रश्नाला लिहिलं होतं, नाही, कारण आई घाबरेल. दुसऱ्याला लिहिलं होतं, मला काहीच सांगत नाहीत, पण खोली एकच आहे, मला ऐकू येतं.

बसमध्ये मला राग आला होता. मनात म्हणत होते, लोकांसमोर आईला खोटं पाडलं. थोड्या वेळानं वाटलं, खोटं पाडायचं असतं तर माझा कागद तिच्याच हातात होता. तिला पाहिजे ते लिहिता आलं असतं, मला काय कळणार होतं. तिनं माझं माझं लिहिलं आणि तिचं तिचं. मी तिच्या जागी असते तर दोन्ही कागदांवर आईला बरं वाटेल तेच लिहिलं असतं.

पण मी तिला हे बोलून दाखवलं नाही. आणि जे सांगायला पाहिजे होतं तेही सांगितलं नाही. तिच्या कॉलेजच्या फीसाठी मी एका घरातून चोवीस हजार उचल घेतली होती. त्या घरच्या ताई पुण्याच्या, घरूनच ऑफिसचं काम करतात, मला मावशी म्हणतात. दर महिन्याच्या पगारातून दोन हजार कापून घ्यायचं ठरलं होतं. त्यांनी फ्रीजच्या दारावर एक कागद लावला होता, बारा रेघांचा. महिना झाला की एक रेघ खोडायच्या. मुलीला मी सांगितलं होतं की पैसे वडिलांच्या कंपनीनं दिले.

तीन रेघा खोडून झाल्या होत्या, तेव्हा मी न्हाणीत शेवाळावरून घसरले. उजव्या हातावर पडले. सरकारी दवाखान्यात कोपरापर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, सहा आठवडे काही उचलायचं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठून साडी नेसायला लागले. एका हातानं निऱ्या येईनात. मुलगी उठून बसली. "कुठे निघालीस?"

"कामावर. डाव्या हातानं भाजी तरी करते."

"डॉक्टरनी काय सांगितलं?"

"डॉक्टर काय सांगतील. नऊ महिने राहिलेत अजून." तोंडातून निघून गेलं.

"कसले नऊ महिने?"

मी निऱ्या परत मोजायला लागले. ती माझ्याच पोटची, तेवढं तिला पुरेसं होतं. तिनं एकेक विचारत सगळं काढून घेतलं. मला वाटलं ती रडेल, किंवा म्हणेल माझ्यासाठी का घेतलेत. ती तसं काहीच म्हणाली नाही. तिला राग आला तो दुसऱ्याच गोष्टीचा.

"मला सांगितलं का नाहीस?"

"आईबापांनी पोरांना असलं सांगायचं नसतं."

"मग काय सांगायचं असतं? जेवलीस का, एवढंच?"

ह्यांची सुट्टी होती. पांघरुणातून म्हणाले, "आम्ही आहोत की अजून. तू अभ्यास कर."

"पप्पा, तुम्ही दोघं मला बाळ समजता," ती म्हणाली. "मी रोज दोन बस बदलून जाते. गर्दीत कसं उभं राहायचं ते मला कळतं. घरात किती पैसे आहेत ते कळलं तर मी मोडून पडणार आहे का?"

ह्यांनी पांघरूण वर ओढून घेतलं. नंतर मला एकटीला म्हणाले, "पोरगी तुझ्यासारखी नाही. बरं झालं."

त्या दिवशी तिनं माझा फोन घेतला आणि चारही घरी स्वतः बोलली. मी अशी बोलूच शकले नसते. मी फोनवर हो ताई, नाही ताई, याच्यापुढे जात नाही. तिनं सांगितलं, आईचा हात मोडलाय, सहा आठवडे लागतील, दोन घरी मी येईन, सकाळी सहा ते आठ, नंतर मला कॉलेज असतं. दुसऱ्या दोन घरी आमच्या शेजारच्या अक्का येतील.

मी घाबरले. आमच्या कामात एक असतं. घर दुसरीला दिलं की ते गेलं. चार दिवस म्हणून दिलेलं घर परत मिळालं, असं मी तरी बघितलेलं नाही. नवीन बाईची चव जमली की घरातली माणसं जुनीला कशाला बोलावतील. मी मुलीला तसं म्हटलं. ती अक्काच्या दारात गेली आणि स्पष्ट बोलली. "अक्का, सहा आठवड्यांनी घरं परत. त्या बदल्यात तुमच्या रेशनकार्डावरचा पत्ता बदलायचं काम मी करून देते, ऑफिसात तुमच्याबरोबर येते."

अक्का म्हणाली, "आणि नाही परत केली तर?"

"तर तुम्ही रोज माझ्या दारावरूनच जाणार आहात."

अक्का खो खो हसली. मला म्हणाली, "तुझ्या पोटी ही वकील कुठून आली?" मग म्हणाली, "सरी, ठीक आहे, दिली परत. पण माझी चपाती स्वल्प जाड असते हां, त्यांनी तक्रार केली तर मला बोलायचं नाही."

आता पोळ्यांचं सांगते. मुलीला लाटता येत नव्हतं, कारण मीच येऊ दिलं नव्हतं. तिला वाटलं मोबाईलवर बघून येईल. ती मला शिकव म्हणाली नाही आणि मीही शिकवते म्हणाले नाही. माझं मनच तयार नव्हतं. पहिल्या दिवशी ती पहाटे गेली, आणि नऊ वाजता ताईंचा मला फोन आला. मी आधीच माफी मागायला लागले. ताई हसत होत्या. म्हणाल्या, "मावशी, आज आमच्या डब्यात नकाशे आहेत. मी तिला म्हटलं, हा कुठला देश? तर म्हणते, ताई, आज महाराष्ट्र जमलाय, उद्या कर्नाटक आणते."

मी फोन ठेवला आणि लाजेनं माझे कान गरम झाले. माझी पोळी कधी वाकडी झाली असती तर मी त्या घरात वर मान केली नसती. ही हसवून आली होती आणि वर दुसऱ्या दिवशीचं बोलून आली होती.

तिसऱ्या दिवशी ती संध्याकाळी अभ्यासाला बसली तेव्हा तिच्या मनगटावर तव्याचा चटका दिसला, बांगडीएवढा. तिनं बाही खाली ओढली. मला तिच्या कागदावरचं आठवलं, कारण आई घाबरेल. म्हणजे ती पण माझ्यासारखंच करत होती. आम्ही दोघी एका खोलीत एकमेकींपासून लपवत होतो आणि दोघींनाही वाटत होतं आपण दुसरीला जपतोय.

मी म्हटलं, "पीठ काढ."

तिनं बाही अजून खाली ओढली.

"काढ. आणि पाणी एकदम ओतू नको."

मी भिंतीला टेकून बसले, प्लास्टरचा हात मांडीवर. तोंडानं सांगत गेले. तेल लाव, दुमड, परत तेल, परत दुमड, आता कडेनं लाट, मधे दाबू नको. एकाच उंड्याची तिनं कितीतरी वेळा पोळी केली आणि परत मोडली. दाबायचं नाही म्हटलं तरी ती दाबत होती. मग मी तिच्या मागे बसले आणि डावा हात तिच्या हातावर ठेवला, जोर किती द्यायचा ते कळावं म्हणून. ती लहान असताना पाटीवर मी तिचा हात असाच धरला होता, ग गिरवायला. तिला माझ्याकडून तेवढंच मराठी मिळालं, पुढचं शाळेतल्या हिंदीमुळे ती आपली आपण वाचायला शिकली. शेवटची पोळी फुगली. तिनं टाळी वाजवली नाही की काही नाही. म्हणाली, "तू हे रोज पन्नास वेळा करतेस?"

"हं."

"आणि मला वाटायचं हात दुखतो असं तू नुसतं म्हणतेस."

त्याच संध्याकाळी तिनं निळं पेन घेतलं आणि माझ्या प्लास्टरवर चौकोन काढले. सात सातच्या सहा ओळी. बेचाळीस. चार फुल्या मारल्या, गेलेल्या दिवसांच्या. म्हणाली, "हे संपले की मी लाटणं ठेवणार. तुझ्या हातावरच लिहिलंय, तू विसरलीस तरी मी विसरणार नाही." मी हसले, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. असं ठरवलेलं पुढे कसं होतं ते मला माहीत होतं.

रोज फुली पडत गेली. पोळ्या गोल व्हायला लागल्या. साडेआठच्या बसनं ती कॉलेजला जायची, केसांना पीठ लागलेलं असायचं. एकदा मैत्रिणींनी विचारलं हे काय, तर सांगितलं, पोळ्या करून येते, पाहिजे तर शनिवारी डबा आणते. आणला. मी हे तिला कधी करू दिलं नसतं. मला वाटायचं मुली तिला तोडतील. त्या तर डबा चाटून परत द्यायच्या.

सहामाहीत गणितात ती नापास झाली. सहा मार्क कमी पडले. तिनं त्याच दिवशी घरी येऊन, चप्पल काढायच्या आधी सांगितलं. "आई, गणित गेलं. घाबरू नकोस, फायनल वेगळी असते." मी घाबरले, पण तिला म्हटलं, "बरं." मग तिनं चप्पल काढली.

तेहतीस फुल्या झाल्या होत्या तेव्हा ती एक गोष्ट घेऊन घरी आली. दुसऱ्या घरच्या बाईंनी तिला विचारलं होतं, तू कायमचीच ये, सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा, सात हजार देते. तुझ्या हाताला चव आहे. कॉलेज काय, परीक्षा बाहेरून पण देता येते.

तिनं हे जसंच्या तसं सांगितलं आणि म्हणाली, "तू काय म्हणतेस?"

इथे मी खरं लिहिते, म्हणून तर वही डब्यामागे आहे. माझ्या डोक्यात आधी हिशोब आला. सात हजार. फ्रीजवरच्या सगळ्या रेघा तीन महिन्यांत खोडल्या जातील. हो म्हणायला माझं तोंड उघडलं होतं. आणि तोंड उघडल्यावर मला माझी आई आठवली, ती माझ्यासारखीच भिंतीला टेकून बसलेली असायची, पाय लांब करून.

मी मुलीला म्हटलं, "बस. तुला एक सांगायचंय."

तिला एवढंच माहीत होतं की आमच्या गावात शाळा लांब होती. ते खरं नव्हतं, शाळा घरामागेच होती. मला पाचवीत जाऊन आठच दिवस झाले होते, आणि आईचा पाय सुजला. ती तंबाखूच्या वखारीत कामाला जायची. घरचे म्हणाले, चार दिवस पोरीला पाठवू. मी गेले. पानं निवडायला माझी बोटं चपळ होती. मुकादम म्हणाला, पोरगी हुशार आहे, राहू दे. आईचा पाय महिन्यात बरा झाला. मग आम्ही दोघी जायला लागलो. मला कुणी शाळा सोड म्हटलं नाही. परत जा असंही कुणी म्हटलं नाही. दप्तर खुंटीला होतं. एक दिवस आईनं त्यातली पाटी काढून भांड्यावर झाकण म्हणून ठेवली.

मुलगी खाली बघत ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणून मला लाटणं धरू देत नव्हतीस?"

"हं."

"हे मला आधी सांगितलं असतंस तर मी तुझ्याशी भांडले नसते. मला वाटायचं तू मला नाजूक समजतेस."

"मी तुला नाजूक समजत नाही," मी म्हटलं. "मला चार दिवसांची भीती वाटते."

तिनं माझा हात ओढून घेतला आणि चौकोन मोजले. "चार नाही, नऊ. नऊ राहिलेत. आणि तुला कुणी परत जा म्हटलं नाही ना? तू मला म्हण."

मला कळलं नाही.

"म्हण की. परत जा."

मी म्हटलं, "परत जा." तिनं फोन उचलला आणि त्या बाईंना सांगितलं, थँक्यू, पण नऊ दिवसांनी आईच येईल.

आणि ती थांबली. बेचाळिसावी फुली मारली त्या सकाळी तिनं लाटणं धुऊन, पुसून माझ्या पिशवीत ठेवलं. ताईंच्या घरी मी माझंच लाटणं नेते. दुपारी दवाखान्यात प्लास्टर कापलं. दुसऱ्या दिवशी ती सात वाजेपर्यंत झोपली. मी पहिल्या दिवशी पोळ्या केल्या त्या जाड झाल्या, मनगट वळत नव्हतं. ताई म्हणाल्या, "मावशी, खरं सांगू का, मुलगी बरी लाटायची." मला एवढा आनंद कुठल्या कौतुकानं झाला नसेल.

अक्कानं दोन्ही घरं परत केली. म्हणाली, "रेशनकार्ड झालं म्हणून देते, तुमच्या प्रेमानं नाही." फायनलला मुलगी गणितात पास झाली, फार नाही, पण चांगली. दुसऱ्या वर्षाच्या फीची वेळ आली तेव्हा आम्ही तिघं खाली बसलो, मधे कागद ठेवला, आणि किती आहेत, किती कमी आहेत ते पहिल्यांदा मोठ्यानं बोललो. ह्यांना ओशाळल्यासारखं झालं होतं, पण बसले. तिनं स्कॉलरशिपचा अर्ज आधीच भरून ठेवला होता. उचल घ्यावी लागली नाही.

मागच्या महिन्यात बारावी रेघ होती. ताई म्हणाल्या, "मावशी, हे दोन हजार राहू देत. तिला माझ्याकडून बक्षीस." मी एरवी मान हलवून गप्प बसले असते. त्या दिवशी म्हटलं, "नको ताई. पगार सगळा द्या, मग मी माझ्या हातानं देते." त्यांनी पगार दिला. मी त्यातल्या चार नोटा ओट्यावर ठेवल्या, उजव्या हातानं, एकेक. ताईंनी न मोजता उचलल्या. मी म्हटलं, "मोजा." त्यांनी मोजल्या. फ्रीजवरचा कागद काढून त्यांनी मला दिला.

घरी आले तेव्हा मुलगी दारात बसून वाचत होती. मी तिला कागद दाखवला. "फिटले," म्हटलं.

"सगळे?"

"सगळे."